दहा मिनिटांचा टीआय: एका डेअरीतला कंट्रोलर बदलताना

डेअरीच्या पर्चेस ऑर्डरमध्ये कामाचं वर्णन जेमतेम चार ओळींचं होतं. जुना पीएलसी, म्हणजे प्लांट चालवणारा कंट्रोलर, काढणे. नवा बसवणे. स्काडा, म्हणजे ऑपरेटरचा पडद्यावरचा प्रोग्रॅम, नव्या संगणकावर घेणे. आणि शेवटी, ‘प्लांटचे कामकाज पूर्ववत राहील याची जबाबदारी पुरवठादाराची राहील’. पहिल्या तीन ओळींना दर लावता येतो. चौथीला कसा लावायचा हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे आमच्या धंद्यात ती ओळ सगळे घालतात आणि सगळे तिच्याखाली सही करतात. हे प्रकरण त्या चौथ्या ओळीचं आहे.

प्लांट

डेअरी पश्चिम महाराष्ट्रातली, सहकारी. ताशी १०,००० लिटरचा पाश्चरायझर, कच्च्या आणि पाश्चराइज्ड दुधाचे सायलो, सीआयपीचं (यंत्रं न उघडता आतून धुण्याचं) स्वतंत्र किचन, मागे बॉयलर आणि बर्फाच्या पाण्याची टाकी. कंट्रोलर सीमेन्सचा एस७-३००, त्यातला सीपीयू ३१५-२ डीपी. मुख्य रॅकवर सीपीयू आणि स्काडासाठीचं इथरनेट कार्ड एवढंच. प्लांटमधली सगळी इनपुट-आउटपुट कार्डं ईटी २००एम रॅकवर, आणि ते रॅक सीपीयूला जोडणाऱ्या जांभळ्या प्रोफिबस केबलवर ओवलेले. स्काडा विंडोज एक्सपीवर, आणि एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलेला.

काम निघालं ते त्या एक्सपीच्या संगणकामुळे. त्याची हार्ड डिस्क गेली, कुणीतरी जुनी इमेज शोधून तो उभा केला, आणि संचालक मंडळाच्या बैठकीत विषय आला. तिथूनच पीएलसीचाही निघाला. सीमेन्सने १ ऑक्टोबर २०२३ पासून एस७-३०० आणि ईटी २००एम टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचं जाहीर केलं आहे. सुटे भाग पुढची दहा वर्षं, म्हणजे २०३३ पर्यंत मिळतील. घाई करावी अशी ही परिस्थिती नव्हती. पण स्काडा बदलायचाच आहे तर सीपीयूही आत्ताच बदलू, असं डेअरीच्या इंजिनिअर साहेबांचं म्हणणं पडलं, आणि ते मला पटलं. दोन वेळा प्लांट बंद ठेवण्यापेक्षा एकदाच परवडतो. दूध दिवसातून दोनदा येतं. संकलन केंद्रांवरचे टँकर ‘आज पीएलसीचं काम आहे’ म्हणून थांबत नाहीत.

कोणता कंट्रोलर

एका संचालकांच्या ओळखीतून दुसऱ्या मेकचं कोटेशन आलं होतं, हार्डवेअर जवळपास निम्म्या किमतीत. ते वाईट नव्हतं. नव्या प्लांटसाठी मी स्वतः तसला कंट्रोलर दिला आहे आणि तो व्यवस्थित चालतो. आयईसी ६११३१-३ चं पहिलं मानक १९९३ मध्ये आलं, त्यामुळे लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या भाषा आज सगळ्यांकडे सारख्याच आहेत, मग मेक बदलायला हरकत काय, असा तो युक्तिवाद. कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात भाषा सारखी असली तरी एका मेकचा प्रोजेक्ट दुसऱ्या मेकच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ उघडत नाही. पुन्हा लिहावा लागतो. आणि इथे तर बराच प्रोग्रॅम एसटीएल या सीमेन्सच्या भाषेत, अ‍ॅड्रेस रजिस्टर वापरून लिहिलेला. तो दुसरीकडे नेणं म्हणजे शून्यापासून नवा प्लांट लिहिणं.

माझे निकष नेहमीचे. रात्री दोन वाजता प्लांट बंद पडला तर कुणाच्या लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअर असेल? स्पेअर कार्ड पुण्याहून किंवा कोल्हापुरातून दुसऱ्या दिवशी मिळेल का? आणि डेअरीच्या इलेक्ट्रिशियनला काय येतं? त्या मुलाला स्टेप ७ ची, म्हणजे सीमेन्सच्या जुन्या सॉफ्टवेअरची सवय होती. एफबी४१ म्हटलं की तो ‘पीआयडी’ म्हणायचा, म्हणजे तापमानासारखी गोष्ट ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारं गणित. कंट्रोलरचा वेग, मेमरी, ब्रोशरमधले रंगीत तक्ते यांचा क्रमांक माझ्या यादीत फार खाली लागतो. डेअरीला लागेल तेवढा वेग आता कुठल्याही कंट्रोलरमध्ये असतो.

ठरलं ते एस७-१५०० मधल्या सीपीयू १५१६-३ पीएन/डीपीवर. कारण एकच: त्याच्यावर प्रोफिबसचं पोर्ट आहे. म्हणजे ईटी २००एम चे रॅक, त्यांची टर्मिनलं, शेकडो वायरी, सगळं जागेवर ठेवून फक्त मुख्य रॅक बदलायचा. जांभळी केबल जुन्या सीपीयूवरून काढून नव्यावर लावायची. काही बिघडलं तर तोच प्लग परत जुन्यावर. ईटी २००एम ही कधीतरी काढावे लागतीलच, पण तो टप्पा दुसरा, आणि तो एका वेळी एक रॅक असा करता येतो. एका रात्रीत सगळं नवं करण्याची हौस मला नाही.

टीआयए पोर्टलच्या, म्हणजे नव्या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवरूनही अर्धा दिवस गेला. एकदा प्रोजेक्ट वरच्या आवृत्तीत नेला की तो खालच्या आवृत्तीत उघडत नाही. त्यामुळे डेअरीकडे जी आवृत्ती राहील तीच आमच्याकडे वापरायची, लायसन्स डेअरीच्या नावावर घ्यायचं, आणि आवृत्तीचा क्रमांक पॅनेलच्या दाराला आतून चिकटवायचा असं लेखी घेतलं. पाच वर्षांनी तिथे मीच जाईन याची खात्री नाही.

सीडीतला प्रोग्रॅम आणि सीपीयूमधला प्रोग्रॅम

डेअरीकडे मूळ प्रोजेक्टची एक सीडी होती, प्लास्टिकच्या डबीत, कमिशनिंगच्या वेळी दिलेली. ती वाचली गेली हेच नशीब. ऑनलाइन आणि ऑफलाइन जुळवून पाहिलं तर बरेच ब्लॉक वेगळे. मधल्या काळात कुणी ना कुणी येऊन सीपीयूमध्ये थेट बदल करून गेलेलं. सीपीयूमधून अपलोड करावं तर एस७-३०० मध्ये सिंबॉल आणि कॉमेंट राहत नाहीत. हातात येतो तो एम ४२.३ आणि डीबी ६० अशा निनावी पत्त्यांचा ढीग. म्हणून नावं सीडीतून घ्यायची, लॉजिक सीपीयूमधून घ्यायचं, आणि दोन्ही ब्लॉकमागून ब्लॉक शिवायचं. हे काम कंटाळवाणं असतं, कोटेशनमध्ये दिसत नाही, आणि त्याला पर्याय नाही.

डेटा ब्लॉकचं (डीबीचं) आणखी वेगळं. एस७-३०० च्या डीबीत प्रत्येक जागेला दोन किमती असतात: सुरुवातीची, जी प्रोजेक्टमध्ये लिहिलेली असते, आणि प्रत्यक्षातली, जी चालू सीपीयूमध्ये असते. ऑपरेटरने स्काडावरून सेटपॉइंट (हवं ते तापमान) बदलला, गेन (फरकाला किती जोरात उत्तर द्यायचं तो आकडा) बदलला, की प्रत्यक्षातली किंमत बदलते. सीडीतली तशीच राहते. टीआयए पोर्टलचं मायग्रेशन, म्हणजे जुना प्रोग्रॅम नव्यात नेणं, प्रोजेक्टवरून चालतं. म्हणजे नीट लक्ष दिलं नाही तर नव्या सीपीयूत जातात त्या कमिशनिंगच्या पहिल्या दिवसाच्या किमती, आणि इतक्या वर्षांत लोकांनी बसवत आणलेलं सगळं ट्यूनिंग पुसलं जातं. आम्ही प्लांट चालू असताना सगळे डीबी प्रत्यक्ष किमतींसह वर घेतले आणि वेगळी यादी केली: सीडीत काय, सीपीयूत काय.

त्या यादीत पाश्चरायझरच्या गरम पाण्याच्या पीआयडीची ओळ होती. सीडीत टीआय २० सेकंद. सीपीयूत टी#१०एम.

दहा मिनिटं.

६०० सेकंद कुठून आले

पाश्चरायझरचं काम थोडक्यात सांगतो, म्हणजे हा आकडा का खटकला ते कळेल. दूध प्लेट हीट एक्स्चेंजरमधून जाताना गरम पाण्याने तापतं, होल्डिंग ट्यूबमध्ये ठरावीक वेळ राहतं आणि पुढे थंड होतं. कायद्याने किमान ७२ अंश सेल्सिअस आणि १५ सेकंद. या डेअरीत सेटपॉइंट ७८ ठेवलेला. होल्डिंग ट्यूबच्या शेवटी तापमान ७२ च्या खाली गेलं की फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह, सगळे त्याला एफडीव्ही म्हणतात, दूध परत बॅलन्स टँककडे वळवतो. एफडीव्ही पडला की पॅकिंगवाल्यांच्या मशीन थांबतात, दूध पुन्हा तापतं, आणि फोन येतो. गरम पाण्याचं तापमान सांभाळतो वाफेचा कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि त्या व्हॉल्व्हला सांगतो पीआयडी.

तापमान मोजायचं आणि त्यावरून व्हॉल्व्ह हलवायचा, या चक्राला लूप म्हणतात. अशा लूपमध्ये चूक भरून काढण्याचा वेळ, म्हणजे टीआय, काही दहा सेकंदांचा असतो. दहा मिनिटांचा टीआय असेल तर लूप मेल्यासारखा वागेल. दूध सुरू झाल्यावर पडलेलं तापमान वर यायला चहा पिऊन यावं लागेल. पण हा लूप छान चालत होता. मी तासभर ट्रेंड पाहत बसलो होतो. सेटपॉइंटच्या अर्ध्या अंशात.

म्हणजे आकडा खोटा होता किंवा सेकंद खोटे होते. ब्लॉक कुठून कॉल होतो ते शोधलं आणि उत्तर मिळालं. एफबी४१ ठरावीक वेळाने कॉल व्हायला हवा, म्हणून तो सायक्लिक इंटरप्टमध्ये, सहसा ओबी३५ मध्ये ठेवतात, जो दर १०० मिलिसेकंदांनी येतो. त्याच्या सायकल या पॅरामीटरमध्ये ती वेळ लिहायची असते, कारण ब्लॉक स्वतः घड्याळ पाहत नाही. ‘मागच्या कॉलपासून एवढा वेळ गेला’ हे तो आपल्या शब्दावर मानतो. इथे तो ओबी१ मध्ये, मुख्य प्रोग्रॅममध्ये ठेवलेला होता. सायकलमध्ये काहीच लिहिलं नव्हतं, म्हणजे मूळचा १ सेकंद तसाच.

आता हिशेब करा. सीपीयूच्या मॉड्यूल इन्फर्मेशनमध्ये स्कॅन टाइम, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमच्या एका फेरीचा वेळ, दिसतो: त्या वेळी साधारण ३८ मिलिसेकंद. दर ३८ मिलिसेकंदांनी ब्लॉक कॉल होतो आणि दर वेळी समजतो की एक पूर्ण सेकंद गेला. त्याच्या लेखी वेळ २६ पट वेगाने धावते आहे. ६०० सेकंदांचा टीआय प्रत्यक्षात ६०० गुणिले ०.०३८, म्हणजे सुमारे २३ सेकंद. अगदी शहाणा आकडा. ज्याने कुणी हे ट्यून केलं त्याने ब्लॉकच्या आत पाहिलं नसणार. लूप हंट करतोय (तापमान सारखं वर-खाली झुलतंय), टीआय वाढव, अजून हंट करतोय, अजून वाढव, असं करत तो ६०० वर पोहोचला आणि तिथे लूप शांत झाला. कानाने ट्यून केलेलं, आणि कान चांगला होता.

आता नवा सीपीयू. हाच प्रोग्रॅम आमच्या टेस्ट बेंचवर एस७-१५०० मध्ये घातला तेव्हा स्कॅन ३ मिलिसेकंदांच्या आसपास आला. ६०० गुणिले ०.००३ म्हणजे १.८ सेकंद. प्रोग्रॅम जसाच्या तसा, आकडे जसेच्या तसे, मायग्रेशनच्या अहवालात या ब्लॉकपुढे एकही इशारा नाही, आणि इंटिग्रल, म्हणजे पीआयडीचा टीआयवर चालणारा भाग, बारापट आक्रमक. इशारा नसणं स्वाभाविक आहे. ओबी१ मध्ये पीआयडी कॉल करणं हा कंपायलरच्या दृष्टीने गुन्हा नाही.

याच्या उलट मोहही तितकाच घातक. एखादा नवा इंजिनिअर म्हणेल, चूक सापडली, ब्लॉक सायक्लिक इंटरप्टमध्ये टाकू, सायकल बरोबर लिहू, झालं. मग टीआय खरोखर दहा मिनिटांचा होतो. पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर आणि दूध सुरू झाल्याबरोबर एफडीव्ही पडणार.

अण्णांचं म्हणणं

पाश्चरायझरवर जे ज्येष्ठ ऑपरेटर आहेत त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मोजमाप करताना त्यांच्याशी बोलणं झालं. “साहेब, सीआयपी लागली की टेंपरेचर जड होतंय बघा,” ते म्हणाले. “वाफ तिकडं जाती नव्हं का. म्हणून मी सीआयपी लागायच्या आधी सेटपॉइंट अर्धा डिग्री वर घेतोय.”

सीआयपीला वाफ लागते हे खरं. पण सीआयपी चालू असताना स्कॅन टाइम पाहिला तर तो ५५ मिलिसेकंदांपर्यंत गेलेला. सीआयपीचे सीक्वेन्स चालू झाले की जास्त कोड चालतो, स्कॅन लांबतो, पीआयडी कमी वेळा कॉल होतो, आणि टीआय २३ वरून ३३ सेकंदांवर जातो. लूप खरंच जड होत होता. वाफेचा दाब आणि स्कॅनची लांबी, दोन्ही एकाच वेळी येत असल्यामुळे कुणाला वेगळं करून पाहायची गरजच पडली नव्हती. अण्णांचा अर्धा डिग्रीचा उपाय दोन्हींवर चालायचा.

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘पूर्ववत’ शब्दाचा अर्थ इथे ठरवावा लागला. सीआयपी चालू असताना लूप सुस्त होतो हे कामकाज पूर्ववत ठेवायचं का? कुणीच हो म्हणणार नाही. पण अण्णांची सवय पूर्ववतच राहणार होती: ते सीआयपीआधी अर्धा डिग्री वाढवणार, आणि नव्या लूपला त्याची गरज नसणार. त्याने नुकसान नाही, थोडी वाफ जाते. तरी ते आधी सांगावं लागतं, नाहीतर पहिल्याच दिवशी ‘नवीन पीएलसी टेंपरेचर जास्त दाखवतोय’ अशी तक्रार लिहिली जाते.

पाश्चरायझरवर गोल कागदाचा चार्ट रेकॉर्डर होता, कंट्रोलरपासून स्वतंत्र. जुने चार्ट लॅबमध्ये तारखेने लावून ठेवलेले. त्यावर सेकंदांचा हिशेब दिसत नाही, २४ तासांचा दिवस एका तळहाताएवढ्या वर्तुळात असतो. पण तापमान दिवसात कुठवर खाली जातं, एफडीव्ही कधी पडला, हे दिसतं. सेकंदांसाठी आम्ही पीआयडीच्याच पीटी१०० च्या (तापमानाच्या सेन्सरच्या) ट्रान्समीटरच्या सिग्नलवर एक लहान लॉगर टाकला, दर सेकंदाला नोंद. पाणी फिरत असताना सेटपॉइंट दोन अंशांनी वर-खाली करून उत्तर कसं येतं ते घेतलं. दूध सुरू होतानाचं घेतलं. सीआयपी चालू-बंद दोन्ही घेतलं. जुना सीपीयू निघण्याआधीच ही वक्रं हातात असणं, हा माझ्या मते या कामातला सगळ्यात स्वस्त विमा होता. एकदा जुना सीपीयू काढला की मग कुणालाच आठवत नाही लूप कसा चालायचा. प्रत्येकाला तो आदर्श चालत असल्याचंच आठवतं.

बेंचवर

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये नवा सीपीयू टेबलावर, आणि त्याच्याच एका वेगळ्या सायक्लिक ओबीमध्ये पाश्चरायझरचं साधं मॉडेल: एक डेड टाइम (परिणाम दिसू लागेपर्यंतचा थांबा), एक लॅग (मग तो हळूहळू चढण्याचा वेळ), मोजलेल्या वक्रांवरून काढलेले. मॉडेल ढोबळ होतं. पण तीन पर्याय शेजारी ठेवून पाहायला पुरेसं.

जसाच्या तसा प्रोग्रॅम: वाफेचा व्हॉल्व्ह शून्य ते शंभर, पुन्हा शून्य, अखंड. पुस्तकाप्रमाणे दुरुस्त केलेला, पण टीआय ६०० चा: तापमान पडलं आणि सात-आठ मिनिटांनंतरही सेटपॉइंटला आलं नाही. तिसरा, सायक्लिक इंटरप्टमध्ये १०० मिलिसेकंदांवर, सायकलही १०० मिलिसेकंद, आणि टीआय २३ सेकंद: जुन्या वक्रावर जवळपास बसला. गेनला हात लावला नाही. प्रपोर्शनल भागाला वेळेशी देणंघेणं नसतं, त्यामुळे जुना गेन जसाच्या तसा खरा होता. डेरिव्हेटिव्ह बंद होता, ते बरंच झालं.

पीआयडी_कॉम्पॅक्ट का नाही, असं आमच्याकडच्या एका मुलीने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. तो ब्लॉक कॉलमधला वेळ स्वतः मोजतो, ही भानगडच होत नाही. मी कॉन्ट_सी, म्हणजे एफबी४१ चाच नव्या घरातला भाऊ, ठेवला तो डेअरीच्या इलेक्ट्रिशियनसाठी. त्याला त्यातली प्रत्येक जागा माहीत होती. नवा प्लांट असता तर मी उलट ठरवलं असतं.

टीआय सापडल्यावर आम्ही प्रोग्रॅममध्ये स्कॅनवर उभं असलेलं बाकी काय आहे ते शोधायला लागलो. टायमर न वापरता ‘प्रत्येक स्कॅनला एक वाढव’ असे काउंटर शोधायचे. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये एक सापडला: उघडण्याचा हुकूम गेल्यावर फीडबॅक येईपर्यंत मोजत राहायचं, ६० झाले की ‘व्हॉल्व्ह फॉल्ट’. जुन्या सीपीयूवर ६० स्कॅन म्हणजे सव्वादोन सेकंद, हवेवरच्या व्हॉल्व्हला पुरेसे. नव्यावर ०.१८ सेकंद. इतक्यात सोलेनॉइडमधून हवासुद्धा नीट जात नाही. ब्लॉक एकच, पण वापरलेला प्लांटमधल्या प्रत्येक व्हॉल्व्हला. म्हणजे पहिल्या मिनिटात स्काडाचं सगळं पान लाल. त्या जागी टॉन टायमर टाकला, ३ सेकंदांचा.

एक सोपा मार्ग होता

डेअरीच्या सल्लागारांनी हे सगळं ऐकून एक सूचना केली. एस७-१५०० मध्ये किमान सायकल टाइम लिहिता येतो. तिथे ३८ मिलिसेकंद टाका; नवा सीपीयू प्रत्येक स्कॅननंतर थांबेल, जुन्यासारखाच वागेल, एकाही ब्लॉकला हात लावायला नको.

हे चाललं असतं. कमी कामात, कमी धोक्यात चाललं असतं, हे मी बैठकीत मान्य केलं. माझा विरोध दोन कारणांनी होता. पीआयडीचं गणित हार्डवेअर कॉन्फिगरेशनच्या एका चौकटीत दडलं असतं, जिथे ते कुणी शोधणार नाही. दोन वर्षांनी कुणी भला माणूस ‘सीपीयू उगाच हळू ठेवलाय’ म्हणून तो आकडा काढून टाकेल आणि त्या रात्री दूध वळत राहील. दुसरं, लांब सीआयपीत स्कॅन लांबून लूप सुस्त व्हायचा तो जुना दोष नावापुरता गेला असता, पण ओबी१ वर अवलंबून राहणं तसंच राहिलं असतं. तडजोड अशी झाली की काही बिघडलं तर मागे कसं जायचं त्याच्या कागदावर ती सेटिंग लिहून ठेवली: बदल केलेल्या ब्लॉकपैकी काही फसलं, पण सीपीयू ठीक असला, तर जुना सीपीयू लावण्याआधी हा एक पर्याय. वापरावा लागला नाही.

ती रात्र

संध्याकाळचं दूध संपलं, पाश्चरायझरची सीआयपी झाली, आणि पॅनेल आमच्या ताब्यात आलं. नवा रॅक शेजारच्या प्लेटवर आधीच बसवून, पॉवर देऊन, रन करून ठेवला होता. प्रत्यक्ष बदल म्हणजे जुना सीपीयू स्टॉपवर, जांभळ्या केबलचा प्लग काढून नव्यावर. एक बारीक गोष्ट: त्या प्लगवर टर्मिनेशनचा छोटा स्विच असतो, ऑन-ऑफ. लाइनच्या टोकाच्या प्लगवर तो ऑन हवा, आणि ऑन असताना त्या प्लगमधून पुढे जाणारी केबल तोडलेली असते. आमचा सीपीयू टोकाला होता म्हणून ऑन. मधल्या एखाद्या रॅकवर कुणाच्या बोटाने तो ऑन झाला की त्यापुढचे सगळे रॅक गायब, आणि माणूस प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसतो. सगळे ईटी २००एम हिरवे झाले, तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकेक करून हाताने उघडला-मिटला. एक माणूस स्काडावर, एक व्हॉल्व्हखाली, मोबाइलवर. याला वेळ लागतो आणि लागू द्यावा.

मग पाण्यावर पाश्चरायझर. आधी एफडीव्ही: वाफ हाताने बंद केली, तापमान उतरू दिलं, होल्डिंग ट्यूबच्या थर्मामीटरवर ७२ आणि व्हॉल्व्ह वळल्याचा आवाज एकत्र यायला हवेत. आले. सोलेनॉइडची वायर काढली, हवा गेली, तरी तो वळलेल्या बाजूलाच पडला. तसाच तो पडायला हवा. त्यानंतरच पीआयडी ऑटोवर. पाण्यावर २३ सेकंद ठीक होते, दूध सुरू झाल्यावर थोडं अंतर दिसलं, शेवटी २६ वर ठेवले. सकाळच्या पहिल्या दुधाची फॉस्फेटेज चाचणी (दूध पुरेसं तापलं असेल तर ती निगेटिव्ह येते) लॅबने केली, निगेटिव्ह आली, आणि पॅकिंग नेहमीच्या वेळेला सुरू झालं.

नंतर

सीआयपी लागल्यावर तापमान पडणं कमी झालं, थांबलं नाही. लॉगरवर आता फक्त वाफेचा भाग उरला होता, आणि तो अण्णा सांगत होते तेवढाच स्पष्ट. दोन्हींना वाफ एकाच हेडरवरून, एकाच प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्हमधून जाते. सीआयपीची टाकी तापायला लागली की दाब उतरतो. हे कंट्रोलरचं काम नाही. सीआयपीसाठी वेगळी लाइन आणि वेगळा पीआरव्ही घ्या, असं लिहून दिलं. अण्णा अजूनही सेटपॉइंट अर्धा डिग्री वर घेतात, आणि निदान तोवर तरी ते बरोबर करतात.

पॅनेलच्या आतल्या कागदावर आता पीआयडीची प्रत्येक किंमत, ती कोणत्या ओबीत, किती मिलिसेकंदांवर कॉल होते, हे लिहिलेलं आहे. नव्या सीपीयूतल्या प्रत्यक्ष किमतींचा स्नॅपशॉट घेऊन त्या प्रोजेक्टच्या सुरुवातीच्या किमती केल्या आहेत, म्हणजे पुढच्या माणसाला सीडी आणि सीपीयू यांत भांडण लावावं लागणार नाही. निदान पहिला बदल होईपर्यंत.

बिलाच्या वेळी पर्चेस विभागाने ‘चालू प्लांटचे मोजमाप व नोंदी’ ही ओळ कापली. माल दिसत नाही, म्हणाले. इंजिनिअर साहेबांनी सगळे वक्र छापून फाइलला लावले आणि सही करून परत पाठवले. थोडं कमी होऊन पैसे मिळाले. ईटी २००एम च्या दुसऱ्या टप्प्याचं कोटेशन आता त्यांच्याकडे आहे. त्यात ही ओळ मी पहिल्या क्रमांकावर घातली आहे.